परिषद सुरू होते तेव्हा मसुदा संपलेला असतो

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या संस्था-संघटनांना, त्यांच्या आघाड्यांना आणि परदेशातल्या परिषदांना जाणाऱ्या त्यांच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

सप्रेम जिंदाबाद.

३० जून ते ३ जुलै २०२५ या चार दिवसांत स्पेनमधल्या सेव्हिया शहरात विकासनिधीवरची चौथी संयुक्त राष्ट्र परिषद भरली. त्याआधी २००२ मध्ये माँटेरे, २००८ मध्ये दोहा आणि २०१५ मध्ये अदिस अबाबा. गरीब देशांना मदत किती, कर्ज कोणत्या अटींवर, कर कोण कुठे वसूल करणार, हे सगळं या परिषदांच्या दस्तऐवजात लिहिलं जातं. सेव्हियाचा दस्तऐवज मात्र सेव्हियात लिहिला गेला नाही. १७ जूनला न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर एकमत झालं, अमेरिका त्याच सुमारास वाटाघाटींतून बाहेर पडली, आणि दोन आठवड्यांनी स्पेनमध्ये उरलं ते फक्त तो स्वीकारण्याचं. तिकीट, व्हिसा, हॉटेल, बॅनर यांची जुळवाजुळव करून जे तिथे पोचले, त्यांना एक शब्दही हलवता येणार नव्हता. वर सभागृहातल्या प्रवेशावर इतकी बंधनं होती की नागरी संघटनांना त्याचीच जाहीर तक्रार करावी लागली.

पत्राचा मुद्दा एवढाच आहे. आपण उशिरा पोचतो आणि चुकीच्या ठिकाणी पोचतो.

सेव्हियाचं वेळापत्रक बघा. जुलै २०२४ मध्ये अदिस अबाबात पहिली पूर्वतयारी बैठक झाली. ऑक्टोबरमध्ये लेखी सूचना मागवल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये मुद्द्यांचा कच्चा कागद आला, जानेवारी २०२५ मध्ये शून्य मसुदा, म्हणजे वाटाघाटी सुरू करण्यापुरता मांडलेला मजकूर, मार्चमध्ये पहिला मसुदा. पुढे जूनपर्यंत न्यूयॉर्कमध्ये परिच्छेदामागून परिच्छेद. मेक्सिको, नेपाळ, नॉर्वे आणि झांबिया हे चार देश लेखणी धरून होते. या अकरा महिन्यांतला सगळ्यात मऊ काळ ऑक्टोबर ते जानेवारी. तेव्हा मुद्दा आत घालायला कुणाशी भांडावं लागत नाही, कारण अजून कुणी त्याला विरोध नोंदवलेला नसतो. शून्य मसुद्यात जे नाही ते नंतर घालायचं तर एखाद्या सरकारला ते स्वतःच्या नावावर मांडावं लागतं. मे उजाडेपर्यंत भांडण फक्त काय काढायचं यावर चालू असतं.

आणि आपली धावपळ सुरू होते ती मे महिन्यात.

मसुदा प्रत्यक्ष कसा दिसतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक नमुना देतो. वाक्य आम्ही समजावण्यापुरतं रचलं आहे, कोणत्याही दस्तऐवजातलं नाही:

«आम्ही [कर्जावर बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार करण्यासाठी] [कर्जव्यवस्थेतल्या त्रुटींबद्दल शिफारशी करण्यासाठी] संयुक्त राष्ट्रांत आंतरसरकारी प्रक्रिया [सुरू करू] [सुरू करण्याची शक्यता तपासू][, योग्य तेथे].»

चौकोनी कंस म्हणजे ज्यावर अजून एकमत नाही तो मजकूर. प्रत्येक कंसामागे कुठलं तरी सरकार किंवा गट असतो. सार्वजनिक मसुद्यात ती नावं बहुतेक वेळा नसतात. बैठकीच्या टिपणांतून आणि देशांच्या निवेदनांवरून ती जुळवावी लागतात. संघटनेचं खरं काम हे आहे. कुठला कंस कुणाचा, तो देश त्याच्यावर किती अडून बसेल आणि कशाच्या बदल्यात सोडेल, हे कळलं की कुणाच्या दारात जायचं ते कळतं. शेवटचा दोन शब्दांचा कंस सगळ्यात निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. ‘योग्य तेथे’, ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘परस्परसंमत अटींवर’, ‘ऐच्छिक’ हे शब्द आले की आधीच्या क्रियापदातली हवा गेली असं समजावं. क्रियापदांचीही उतरंड असते. ‘ठरवतो’ आणि ‘सुरू करू’ वरच्या पायरीवर, त्याखाली ‘प्रयत्न करू’, मग ‘प्रोत्साहन देतो’, ‘आवाहन करतो’, ‘स्वागत करतो’ आणि तळाला ‘नोंद घेतो’. आपला मुद्दा दस्तऐवजात आला म्हणून पेढे वाटण्याआधी तो कुठल्या पायरीवर आला ते पाहावं.

कर्जाच्या कलमाचं नेमकं हेच झालं. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली सार्वभौम, म्हणजे सरकारांनी घेतलेल्या, कर्जावर करार व्हावा, ही नागरी संघटनांची मुख्य मागणी होती. ३४० कोटी माणसं अशा देशांत राहतात जिथे सरकारचा व्याजावरचा खर्च आरोग्यावरच्या किंवा शिक्षणावरच्या खर्चापेक्षा जास्त आहे, हा संयुक्त राष्ट्रांच्याच व्यापार व विकास संस्थेचा आकडा त्या मागणीच्या पाठीशी होता. अंतिम मजकुरात ‘करार’ नाही. प्रक्रिया आहे, तीही कर्जव्यवस्थेतल्या त्रुटींवर शिफारशी करण्यासाठी, आणि सोबत कर्जदार देशांचं एक व्यासपीठ. ‘सुरू करू’ हे क्रियापद मात्र टिकलं, आणि आमच्या मते ते टिकणं महत्त्वाचं आहे, कारण आता प्रक्रिया कधी, कुठे आणि कुणाच्या अध्यक्षतेखाली हे विचारायला जागा आहे. परिषदेनंतर हा प्रश्न लावून धरणारे फार थोडे उरतात. फोटो निघालेले असतात, प्रकल्पाचा अहवालही गेलेला असतो.

क्रियापदाची किंमत किती, हे पाहायचं तर ०.७ टक्क्यांकडे बघा. २४ ऑक्टोबर १९७० च्या आमसभेच्या ठरावात श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के अधिकृत विकास मदत द्यावी असं लिहिलं आहे, तेही दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे १९७५ च्या सुमारास. पण वाक्य ‘देतील’ असं नाही. तिथवर पोचण्यासाठी ‘सर्वतोपरी प्रयत्न करतील’ असं आहे. या एका शब्दप्रयोगाच्या आधारावर पन्नासहून अधिक वर्षं निघून गेली. २०२४ मध्ये ही मदत २१२.१ अब्ज डॉलर होती, म्हणजे एकत्रित उत्पन्नाच्या ०.३३ टक्के, आणि आदल्या वर्षापेक्षा ती प्रत्यक्षात ७.१ टक्क्यांनी घटली होती. ०.७ टक्के ओलांडणारे देश चार: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. त्रैराशिक मांडलं तर ०.७ टक्क्यांप्रमाणे साधारण ४५० अब्ज यायला हवे होते. ब्रिटननं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये उलट दिशेनं जाहीर केलं, २०२७ पर्यंत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर.

आकड्याच्या आतही डोकवायला हवं. त्या २१२.१ अब्जांपैकी २७.८ अब्ज डॉलर देणाऱ्या देशांनी स्वतःच्याच देशात खर्च केले, आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या वर्षाच्या सोयीवर. ती सोय करायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती रक्कम मलावी किंवा नेपाळला मिळालेल्या पैशासारखीच विकास मदत म्हणून मोजली जाते, आणि नियमानुसार मोजली जाते, कारण नियम देणाऱ्या श्रीमंत देशांच्या समितीनं केलेला आहे. घेणारे देश त्या समितीत नाहीत. ‘मदत वाढवा’ एवढी घोषणा देऊन चालत नाही ते यामुळे. काय मोजायचं हे कोण ठरवणार, हा मोजण्याच्या आधीचा प्रश्न आहे.

काहीजण म्हणतील, नागरी संघटनांना टेबलावर खुर्ची मिळाली तर हे सगळं सुटेल. एकदा मिळाली होती. २०११ मध्ये दक्षिण कोरियात बुसान इथे मदतीच्या परिणामकारकतेवरची परिषद झाली, तेव्हा मसुदा लिहिणाऱ्या अठरा वाटाघाटीकारांच्या गटात नागरी संघटनांचा एक प्रतिनिधी पूर्ण सदस्य म्हणून होता. आधी पॅरिसला २००५ मध्ये संघटनांना फारसं कुणी विचारलं नव्हतं, २००८ मध्ये अक्रामध्ये सल्ला घेतला गेला, आणि बुसानला खुर्ची. त्या खुर्चीसाठी संघटनांनी घरचा अभ्यासही केला होता: २०१० मध्ये इस्तंबूलला स्वतःवर लागू होणारी आठ तत्त्वं ठरवली, म्हणजे ‘तुमची जबाबदारी कुणाला?’ असं सरकारांनी विचारलं तर उत्तर तयार. तरीही चीन, भारत, ब्राझीलसारख्या देशांना दस्तऐवजात ठेवण्यासाठी शेवटच्या टप्प्यात एक ओळ आली, की दक्षिण-दक्षिण सहकार्यासाठी, म्हणजे विकसनशील देशांनी एकमेकांना केलेल्या मदतीसाठी, बुसानच्या दस्तऐवजातली तत्त्वं ‘ऐच्छिक’ संदर्भ म्हणून राहतील. खुर्ची असून ती ओळ थांबली नाही. खुर्ची नको असा याचा अर्थ नाही. खुर्चीवर बसणाऱ्याच्या पाठीशी त्याच्या देशात कुणी मंत्र्याला प्रश्न विचारणारं नसेल, तर खुर्ची पाहुण्यासारखी असते, एवढंच.

याच्या उलट उदाहरण करांचं आहे, आणि ते आपल्याला जास्त उपयोगाचं आहे.

अदिस अबाबात जुलै २०१५ मध्ये विकसनशील देशांच्या गटाची मागणी होती की आंतरराष्ट्रीय कराचे नियम संयुक्त राष्ट्रांत, सगळ्या देशांच्या सहभागानं ठरावेत. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेत नव्हे. भारत या मागणीत आघाडीवर होता. परिषदेचे बहुतेक दिवस याच एका परिच्छेदावर गेले आणि मागणी हरली. हातात पडलं काय, तर संयुक्त राष्ट्रांच्या करतज्ज्ञ समितीची बैठक वर्षातून एकदाऐवजी दोनदा होईल. तिथे हसू करून घेतल्यासारखं वाटलं अनेकांना. पण आफ्रिकी देशांनी आणि कर-न्यायावर काम करणाऱ्या संघटनांनी मुद्दा खाली ठेवला नाही. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्याच वर्षी आफ्रिकेतून दरवर्षी ५० अब्ज डॉलर बेकायदा मार्गांनी बाहेर जातात असा अंदाज मांडला होता. तो आकडा प्रत्येक अर्थमंत्र्याच्या तोंडी बसेपर्यंत वापरला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी गटाच्या वतीनं नायजेरियानं संयुक्त राष्ट्रांतच कर करार करण्याच्या दिशेनं ठराव आणला आणि आमसभेच्या दुसऱ्या, म्हणजे आर्थिक विषयांच्या, समितीत तो १२५ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला, ९ तटस्थ. डिसेंबर २०२४ मध्ये कराराची कार्यकक्षा ठरवताना बाजूनं ११९, विरोधात फक्त ९ आणि तटस्थ ४३. आदल्या वर्षी विरोधात गेलेले युरोपीय संघाचे देश या वेळी तटस्थांत होते. भारतानं बाजूनं मत दिलं.

अदिसमध्ये जे हरलं ते न्यूयॉर्कमध्ये कसं जिंकलं? एक कारण चिकाटी आहेच. दुसरं, आणि आमच्या मते मोठं, कारण जागा बदलली. विकासनिधीच्या परिषदेत सगळं एकमतानं होतं, त्यामुळे अडवणाऱ्याचा हात वर. आमसभेत मतदान होतं, तिथे गरीब देशांची संख्या मोजली जाते. कुठला मुद्दा कुठल्या सभागृहात न्यायचा हा निर्णय मागणीइतकाच महत्त्वाचा असतो, आणि आपल्या आघाड्यांच्या बैठकांत त्यावर पाच मिनिटंही चर्चा होत नाही.

हा कर करार अजून लिहिला जातो आहे. म्हणून हे पत्र आत्ता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कामकाजाचे नियम ठरवतानाच अमेरिका उठून गेली, पण काम थांबलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला आणि नोव्हेंबरमध्ये नैरोबीला सत्रं झाली. मुख्य करार आणि दोन पूरक करार, असा एकूण मजकूर २०२७ मध्ये आमसभेपुढे जायचा आहे. पहिला पूरक करार डिजिटल होत चाललेल्या अर्थव्यवस्थेतल्या सीमापार सेवांवरच्या कराचा, दुसरा करविषयक तंटे टाळण्या-सोडवण्याचा. अध्यक्ष इजिप्तचे आहेत. संघटनांकडून लेखी सूचना मागवल्या जातात आणि त्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. परिषदेत प्रवेशाचा बॅज नसतानाही करता येईल असं हे काम आहे.

पहिल्या पूरक करारात आपला थेट संबंध आहे. परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशावर भारतानं २०१६ पासून ६ टक्के समानीकरण आकार लावला होता, पुढे ई-कॉमर्सवर २ टक्के. २ टक्क्यांचा आकार १ ऑगस्ट २०२४ पासून गेला, ६ टक्क्यांचा १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे नवा आंतरराष्ट्रीय नियम येण्याआधीच हातातलं जुनं साधन खाली ठेवलं गेलं. त्यामागे अमेरिकेशी व्यापाराचं गणित असेल, ते चूक की बरोबर यावर मतं वेगळी असू शकतात. पण आता भारत या पूरक करारात काय मागतो आहे, किमान दर, स्थानिक विक्रीवर आधारित हिस्सा की आणखी काही, हा प्रश्न दिल्लीत कुणी विचारला आहे का? गावातला आशा सेविकेचा मोबदला आणि अंगणवाडीचा पोषण आहार ज्या तिजोरीतून येतो, तिच्यातला हा एक नळ आहे.

आता दिल्ली. सरकारची भूमिका एका टेबलावर ठरत नाही, आणि ‘केंद्र सरकारला निवेदन दिलं’ असं म्हणणारे बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर निवेदन देऊन आलेले असतात. कराराचं काम महसूल विभागात, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परदेशी कर विभागाकडे. जागतिक बँक आणि कर्ज हे आर्थिक व्यवहार विभागाकडे. न्यूयॉर्कमधल्या भाषणाचा मसुदा आणि मतदानाच्या सूचना परराष्ट्र मंत्रालयाकडून जातात. शाश्वत विकास उद्दिष्टांचा आढावा नीती आयोगाकडे. एकाच विषयावर या चौघांची मतं वेगळी असू शकतात. त्या फटीत काम करता येतं.

माहितीचा अधिकार वापरताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. ‘वाटाघाटीत भारताची भूमिका काय?’ असं विचारलं की कलम ८(१)(अ) खाली परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन अर्ज फेटाळला जातो. विचारायचं ते कार्यपद्धतीबद्दल: भूमिका ठरवण्यासाठी कोणत्या तारखांना आंतरविभागीय बैठका झाल्या, कोणत्या संस्था-संघटनांना, उद्योगसंघटनांना बोलावलं, कोणाच्या लेखी सूचना आल्या. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवस. उद्योगसंघटना यादीत असतील आणि शेतकरी-कामगार संघटना नसतील, तर ती यादी हाच तुमचा पुढचा मुद्दा.

खासदारांचा उपयोग आपण मोर्चाला पाठिंबा मिळवण्यापुरता करतो. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, गोव्याचे दोन आणि एक. करार करायला संसदेची आगाऊ मंजुरी भारतात सक्तीची नाही. सही आणि पुष्टी मंत्रिमंडळाच्या पातळीवर होऊ शकते. म्हणून सही होण्याआधी प्रश्न पटलावर यायला हवा. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, आणि खासदाराच्या कार्यालयाला तयार वाक्य दिलं तरच ती दिली जाते. पाच पानी निवेदन दिलं तर ते फाइलला लागतं. त्या वाक्यात एकच विषय असावा.

भारताच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कर्जाच्या चर्चेत भारत फक्त घेणाऱ्यांच्या रांगेत नाही. श्रीलंका बुडाल्यावर तिच्या सरकारी धनकोंची जी समिती २०२३ मध्ये बनली, तिचं सहअध्यक्षपद जपान आणि फ्रान्सबरोबर भारताकडे होतं. सरकारी मालकीच्या एक्झिम बँकेच्या मार्फत आफ्रिका आणि शेजारी देशांना आपण पतपुरवठा करतो. त्यामुळे कर्जमाफीच्या कडक नियमांवर भारत कर्जात बुडालेल्या झांबियाइतका उत्साही असेल असं धरून चालू नका. विकसनशील देशांच्या गटात १३४ देश आहेत आणि कर्जावर त्यांचे हितसंबंध एक नाहीत. गटाच्या निवेदनाला ‘आपली बाजू’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्यात कुणाची वाक्यं गळली ते पाहावं.

पैसा मंजूर होण्याआधीच्या क्षणी दबाव आणला तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला न्यूयॉर्कला जायला नको; नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला जावं. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. १९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९२ मध्ये बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला, पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेनं स्वतःचे नियम पाळले नाहीत असं सांगणारा. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारतानं सोडलं. इथपर्यंतची कथा आपल्याला पाठ आहे. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच सुमारास बँकेच्या गरीब देशांसाठीच्या निधीची दहावी भरपाई, म्हणजे देणाऱ्या देशांकडून नव्यानं पैसे गोळा करणं, चालू होती आणि अमेरिकेचा वाटा तिथल्या काँग्रेसनं मंजूर करायचा होता. नर्मदेचा अहवाल हातात घेऊन अमेरिकी संघटनांनी तो वाटा अडवून धरला. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य बार्नी फ्रँक ज्या उपसमितीचे अध्यक्ष होते तिनं बँकेला कळवलं की माहिती खुली करा आणि बाधितांची तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभारा, नाहीतर पैसे नाहीत. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेनं तपासणी पॅनेल स्थापन केलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेली गावची माणसं धरणाच्या डुबाच्या पाण्यात उभी राहिली त्याचा पुरावा हातात होता; पण यंत्रणा उभी राहिली ती तो पुरावा पैशाच्या मंजुरीच्या तारखेला जोडला म्हणून.

त्या पॅनेलचा उपयोग मुंबईनं केलेला आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या दुकानदारांनी २००४ मध्ये तक्रार केली, चौकशी झाली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले. तक्रारीला नमुना लागत नाही, वकील लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. दोन किंवा अधिक बाधितांची सही, काय नुकसान झालं किंवा होईल, आणि बँकेकडे आधी काय कळवलं होतं एवढं मराठीत लिहून पाठवता येतं. कर्ज बंद झाल्यानंतर पंधरा महिन्यांपर्यंत मुदत आहे. बहुतेक तक्रारी अडकतात त्या ‘आधी कळवलं होतं’ या अटीवर: बैठकीत तोंडी बोलून झालेलं असतं, कागद नसतो. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ मध्ये बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावर उभा राहिला. असे प्रकल्प जिथे चालू आहेत त्या तालुक्यांत बैठकीनंतर त्याच दिवशी ईमेल करून पोच ठेवण्याची सवय लावा.

परिषदांत प्रवेशासाठी लागणाऱ्या मान्यतेबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा असला की बहुतेक दारं उघडतात. नोंदणीला दोन वर्षं झालेली असावीत, अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, शुल्क नाही, मुदत १ जून; विचार पुढच्या वर्षी. एकोणीस देशांची समिती अर्ज तपासते आणि तिच्यातल्या कुणीही एक प्रश्न विचारला तरी अर्ज पुढच्या सत्रावर जातो. आंतरराष्ट्रीय दलित एकता नेटवर्कनं २००८ मध्ये अर्ज केला. त्यावर शंभराहून अधिक प्रश्न आले, बहुतेक भारताकडून, आणि डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. तेव्हा जात, विस्थापन, जमीन असे विषय अर्जात असतील तर दर्जाची वाट बघत बसू नका. दर्जा असलेल्या संघटनेच्या नावावर, किंवा त्या-त्या परिषदेपुरत्या खास मान्यतेवर जा. विकासनिधीच्या वाटाघाटींसाठी नागरी संघटनांचं जागतिक व्यासपीठ खुलं आहे, त्यात सामील होऊन मसुद्यावरच्या लेखी सूचनांत स्वतःचं वाक्य घालता येतं. दर्जा मिळालाच तर चार वर्षांचा अहवाल विसरू नका. दर्जा रद्द होतो तो बहुधा राजकारणानं नव्हे, तर न पाठवलेल्या अहवालानं.

एफसीआरएमुळे, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यामुळे, खरा अडथळा कुठे आहे तेही नीट समजून घ्या. सप्टेंबर २०२० पासून परदेशी निधी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीकडे नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली, आणि व्यवस्थापनातल्या माणसांचे पगार आणि प्रवास त्यातच धरले जातात. परिणाम असा की मुंबई-पुण्यातली नोंदणीकृत संस्था गडचिरोलीतल्या संघटनेला प्रवासाचे पैसे देऊ शकत नाही, मग स्वतःचाच माणूस पाठवते. परिषदेत ‘तळागाळाचा आवाज’ म्हणून उभा राहतो तो बऱ्याचदा असा. देशी वर्गणीतून प्रवासाचा छोटा फंड उभा करणं कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा रस्ता आम्हाला दिसत नाही. दरम्यान, न जाता करण्याची कामं जाण्याच्या कामांपेक्षा जास्त आहेत.

सूचना लिहिण्याची रीत साधी आहे आणि तरी नव्वद टक्के सूचना ती पाळत नाहीत. परिच्छेद क्रमांक. आहे ते वाक्य. हवं ते वाक्य, बदललेले शब्द अधोरेखित करून. कारण एका ओळीत. एक पुरावा, तुमच्या जिल्ह्यातला, स्रोतासह. दोन पानं पुरे. प्रतिनिधींना मिळणारा लेखणीचा वेळ इतका कमी असतो की जे वाक्य जसंच्या तसं उचलता येईल तेच उचललं जातं. ‘गरिबांच्या आकांक्षांचा विचार व्हावा’ हे वाक्य कुणीही उचलत नाही, कारण ते कुठे चिकटवायचं हे कुणालाच कळत नाही. तोंडी बोलायला दोन मिनिटं मिळतात, म्हणजे इंग्रजीत अडीचशे शब्द. त्यातले पहिले चाळीस शब्द अध्यक्षांचे आभार मानण्यात घालवू नका. शेवटच्या आठवड्यात ‘मौन पद्धत’ लागते: अध्यक्ष मसुदा पाठवतात, साधारण ७२ तासांत कुणी हरकत घेतली नाही तर तो मान्य. त्या तीन दिवसांत तुमच्या राजधानीतला फोन उचलणारा अधिकारी माहीत असेल तरच उपयोग. तिथल्या बंद खोल्यांच्या बाहेर घोषणा देऊन मौन मोडत नाही.

आणि साइड इव्हेंट, म्हणजे परिषदेच्या जोडीनं भरवले जाणारे आपले कार्यक्रम, कमी करा. चार वक्ते, पंचवीस श्रोते, त्यातले वीस आपलेच. एका साइड इव्हेंटच्या खर्चात दिल्लीत एक माणूस सहा महिने मसुदे वाचू शकतो.

येत्या पंधरवड्यात करण्याजोगी दोन कामं आहेत. महसूल विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज: कर कराराच्या वाटाघाटींसाठी कोणत्या संघटनांशी सल्लामसलत झाली, तारखांसह. आणि आपल्या आघाडीत एकाला नाव घेऊन नेमणं, जो पहिल्या पूरक कराराचा प्रत्येक मसुदा आला की दोन पानांत मराठीत मांडून सगळ्यांना पाठवेल. अर्जाचा मजकूर आणि मराठी गोषवाऱ्याचा साचा ज्यांना हवा त्यांना आम्ही देऊ.

आपले,
विकासनिधी, कर्ज आणि करप्रश्नांवर काम करणारे काही कार्यकर्ते